दशमांश थांबला म्हणून शाप लागतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे:

"गेली चौदा वर्षे मी न चुकता मंडळीला (चर्चला) दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, देत आले. गेल्या वर्षी सासऱ्यांना पक्षाघात झाला, औषधपाण्यासाठी कर्ज काढावे लागले, यजमानांचे कामही निम्मे झाले. दोन महिने मी दशमांश दिला नाही. मग मंडळीत बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकावर संदेश झाला: जो दशमांश देत नाही तो देवाला लुटतो आणि शापाखाली येतो. त्याच आठवड्यात सासऱ्यांची तब्येत पुन्हा बिघडली. तेव्हापासून यजमानांना न सांगता औषधांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी अर्पणाचे पाकीट भरते. देताना हात कापतो, आनंद म्हणून काही वाटत नाही. शास्त्र तर म्हणते की संतोषाने द्या. मग संतोष वाटेपर्यंत देणे थांबवू का? की थांबवले तर आणखी काही ओढवेल?"

ताई, आधी तुमच्या शेवटच्या वाक्याचे उत्तर देतो, कारण ते मिळाल्याशिवाय पुढचे काहीही तुमच्या मनात शिरणार नाही. नाही, काही ओढवणार नाही. सासऱ्यांचे दुखणे तुमच्या न दिलेल्या दोन पाकिटांमुळे वाढलेले नाही. पक्षाघात झालेल्या माणसाला सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा त्रास होण्याचा धोका जास्त असतो, हे कोणताही डॉक्टर सांगेल. आणि शापाचे म्हणाल, तर गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौल स्पष्ट लिहितो की नियमशास्त्राच्या शापातून ख्रिस्ताने आपल्याला सोडवले, तो स्वतः आपल्याकरता शाप झाला. वधस्तंभावर जे फेडून झाले आहे, ते महिन्याच्या जमाखर्चावरून पुन्हा तुमच्या दारात येत नाही.

मी सत्तावीस वर्षे पाळक आहे आणि त्याआधी सहा वर्षे एका मंडळीचा खजिनदार होतो. पाकिटे मोजलीही आहेत आणि व्यासपीठावरून मागितलीही आहेत. त्यामुळे तुम्ही ऐकलात तो संदेश मला परका नाही. तसाच संदेश मी स्वतः दिला आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी मलाखी. तिसऱ्या अध्यायातली आठवी ते दहावी ही तीन वचने इतक्या वेळा सुटी करून वाचली जातात की त्यांच्या आजूबाजूला काय आहे ते कोणी पाहतच नाही. संदेष्टा बोलतो आहे तो बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहूदी लोकांशी. मंदिर पुन्हा उभे राहिले आहे, पण सेवेत जीव उरलेला नाही. पहिल्या अध्यायात लोक आंधळी, लंगडी, आजारी जनावरे वेदीवर आणतात. तिसऱ्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात देव कोणाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो? मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवेला आणि पोरक्याला छळणाऱ्यांविरुद्ध, परक्याचा हक्क हिरावणाऱ्यांविरुद्ध. म्हणजे लुटारूंची यादी दशमांशाच्या आधीच सुरू झालेली आहे, आणि तिच्यात तुमच्यासारखी, आजारी सासऱ्याची शुश्रूषा करणारी सून कुठेच बसत नाही.

शिवाय तिथे म्हटलेले 'भांडार' म्हणजे मंदिराच्या आवारातल्या धान्याच्या खोल्या. त्या का रिकाम्या पडल्या होत्या त्याचे चित्र यहूदाचा सुभेदार नहेम्या याच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात दिसते. लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला, त्यांचा वाटा मिळेना म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले होते. आणि त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे जी दशमांशाच्या संदेशात मी क्वचितच ऐकली. ज्या मोठ्या खोलीत दशमांश ठेवायचा, तीच खोली याजक एल्याशीबाने आपल्या संबंधातल्या तोबीयाला देऊन टाकली होती. नहेम्याने तोबीयाचे सामान बाहेर फेकले, खोली शुद्ध करून घेतली, मग विश्वासू माणसे भांडारावर नेमली. देणाऱ्याचे चुकले होते तसे भांडार सांभाळणाऱ्यांचेही चुकले होते. मलाखी वाचायचा तर नहेम्या शेजारी ठेवून वाचावा, असे माझे ठाम मत आहे.

आता खुद्द दशमांश. आपण तो शब्द उच्चारतो तेव्हा डोळ्यांपुढे पगाराचा दहावा भाग येतो. तोरात, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रात, तो जमिनीच्या उत्पन्नाचा आणि गुराढोरांचा आहे; लेवीय २७ मध्ये तसे सरळ लिहिले आहे. गणना १८ प्रमाणे तो लेव्यांना मिळे, कारण त्यांना वतन म्हणून जमीन नव्हती, आणि लेव्यांनी त्यातला दहावा भाग पुन्हा याजकांसाठी काढायचा असे. अनुवाद १४ मधला दशमांश तर ज्याने आणला त्याने घरच्यांसह परमेश्वरासमोर बसून खायचा होता. ठिकाण लांब पडत असेल तर धान्य विकून पैसे गाठीला बांधून न्यायचे आणि तिथे मनाला आवडेल ते विकत घेऊन खायचे, आनंद करायचा, असे त्या अध्यायात आहे. आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवायचा. लेवी, परका, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून. काही अभ्यासक हे वेगवेगळे दशमांश धरतात; मग बेरीज दहा टक्क्यांच्या बरीच पुढे जाते. म्हणून "पवित्र शास्त्राप्रमाणे दहा टक्के" असे कोणी छातीठोकपणे सांगितले की मी विचारतो, यातला कोणता? आणि ज्याच्याकडे ना शेत ना गुरे, त्याचे काय? तिसऱ्या वर्षीच्या त्या व्यवस्थेत असा माणूस बहुतेक वेळा देणाऱ्यांच्या रांगेत नसे, जेवणाऱ्यांच्या पंगतीत असे.

"पण अब्राहामाने तर नियमशास्त्राच्या आधी दिला होता!" हे मला दर वेळी ऐकवले जाते. दिला होता, शालेमचा राजा आणि याजक मलकीसदेक याला, आणि इब्री ७ सांगते की तो लढाईतल्या लुटीतून दिला होता. त्याने दरमहा दिला असे कुठेही लिहिलेले नाही. याकोबाने दहावा भाग देण्याचा नवस केला तो स्वतःच्या अटी घालून. प्रभू येशूने मत्तय २३ मध्ये परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या लोकांना, पुदिना, शेप आणि जिऱ्याच्या दशमांशावरून जे सुनावले, त्यात दशमांश सोडा असे म्हटलेले नाही हे खरे आहे. पण ते मंदिर उभे असताना, नियमशास्त्राखालच्या लोकांशी बोलणे आहे, आणि त्याचा भर न्याय, दया आणि विश्वास यांवर आहे. मी स्वतः उत्पन्नाचा दहावा भाग बाजूला काढतो. शिस्त म्हणून ते मला चांगले वाटते, तरुणांना सुरुवात म्हणून सुचवतोही. पण ते देवाकडून आलेले बिल आहे असे मी आता शिकवत नाही.

'आता' म्हणतो, कारण एके काळी शिकवत होतो.

पाळक झाल्यावर पाचव्या वर्षी आमच्या सभागृहाच्या छपराचे काम अडले. पैसे कमी पडत होते, आणि मी मलाखी उघडला. शापाचे वचन दोनदा वाचले. ज्यांनी दिले त्यांची नावे पुढच्या रविवारी वाचून दाखवू असेही जाहीर केले. त्या महिन्यात अर्पण जवळपास दुप्पट झाले. छप्पर झाले. मी देवाची उपकारस्तुती केली आणि संदेशाला फळ आले असे समजलो. वर्षभराने एका मजूर बहिणीच्या घरी प्रार्थनेला गेलो होतो. बोलता बोलता तिच्या मुलाने सांगितले की आईने ते पैसे व्याजाने काढून दिले होते आणि अजून फेडते आहे. ती मात्र मुलाला गप्प करत होती. आपण देऊ शकलो याचा तिला अभिमान नव्हता, आणि माझ्यावर रागही नव्हता. तिला फक्त भीती होती की हे बोलल्याने दिलेल्याचे पुण्य जाईल. त्या दिवशी मला कळले की मी तिला देवाविषयी काय शिकवले होते.

ते कर्ज मंडळीने फेडले. मी मंडळीसमोर उभे राहून क्षमा मागितली. नावे वाचणे बंद झाले. पुढचे सात महिने अर्पण घसरत गेले, मग स्थिरावले, पण त्या एका महिन्याच्या आकड्यापर्यंत पुन्हा कधी पोचले नाही. दुसरी इमारत बांधायचा विचार आम्हाला सोडावा लागला. हे मुद्दाम सांगतो, कारण "मोकळेपणाने देऊ दिले की अर्पण आपोआप वाढते" असे सांगणारेही भेटतात. आमच्याकडे वाढले नाही. तरी मी तो निर्णय बदलणार नाही.

त्या बहिणीमुळे मी मार्क १२ मधल्या विधवेची गोष्ट वेगळी वाचू लागलो. तिने मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या, आपली सगळी उपजीविका टाकली. आपण ती गोष्ट गरिबांना सांगतो, तिने पाहा कसे दिले म्हणून. पण तिच्या लगेच आधीच्या वचनांत येशू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी सावध करतो, आणि लगेच नंतर, तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला, या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही असे म्हणतो. त्याने तिची वाखाणणी केली यात शंका नाही. तिचे देणे सगळ्या श्रीमंतांहून मोठे होते. पण त्याने तिला मागितले नव्हते. तो पेटीसमोर बसून पाहत होता आणि ती काय देते आहे हे त्या गर्दीत त्याच्याशिवाय कोणाच्या लक्षात आले नव्हते. तिची गोष्ट व्यासपीठावरून मागण्यासाठी वापरायला माझी जीभ आता धजत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. संतोष वाटत नसेल तर द्यायचे की नाही?

२ करिंथ ९:७ मध्ये पौल म्हणतो की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा देणे भाग पडते म्हणून देऊ नये. या वचनातला 'मनात' हा शब्द आपल्याला फसवतो. आपल्या बोलण्यात मन म्हणजे वाटणे, लहर, भावना. मन झाले तर जाऊ, नाही तर नाही. बायबलमध्ये हृदय किंवा अंतःकरण म्हणजे माणूस जिथे विचार करतो, तोलतो आणि निश्चय करतो ती जागा. 'ठरवल्याप्रमाणे' यासाठी पौलाने वापरलेल्या ग्रीक शब्दात आधीच निवड करून ठेवण्याचा अर्थ आहे. म्हणून मनापासून देणे म्हणजे पेटी समोर आल्यावर आतून उमाळा येतो का याची वाट पाहणे असे होत नाही. घरी शांतपणे बसून, देवासमोर, डोळे उघडे ठेवून ठरवणे आणि ठरवले ते करणे, हे मनापासून देणे. त्याच पौलाने १ करिंथ १६ मध्ये सांगितले आहे की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या प्राप्तीप्रमाणे आपल्याजवळ काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर वर्गणी गोळा करायची वेळ येऊ नये. मला या वाक्यात त्याची काळजी दिसते. तो प्रेषित होता. तो समोर उभा राहिला असता तर लोकांनी भिडेखातर दिले असते. त्याला ते नको होते.

आणि 'दुःखी मनाने' म्हणजे दमलेल्या मनाने असा अर्थ घेऊ नका. रात्री तापलेल्या लेकराला औषध द्यायला उठणाऱ्या आईला उत्साह नसतो. डोळे मिटत असतात, अंग दुखत असते. तरी ते तिचे सगळ्यात मनापासूनचे देणे असते. पौलाच्या शब्दात जे दुःख आहे ते काहीतरी ओरबाडून नेले जात असल्याचे. देणाऱ्याच्या आत एक माणूस मुठी आवळून बसलेला आहे आणि दुसरा भीतीने त्या मुठी उघडतो आहे, असे. तुमचा हात कापतो असे तुम्ही लिहिले, ते वाचून मला तेच आठवले.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवे आणि नववे हे दोन अध्याय तुम्ही एका बैठकीत वाचा. नव्या करारात देण्याविषयी इतके सविस्तर दुसरीकडे कुठे नाही. यरुशलेमेतल्या गरीब पवित्र जनांसाठी पौल वर्गणी जमवतो आहे. करिंथच्या मंडळीने वर्षापूर्वी तयारी दाखवली होती आणि काम अर्धवट राहिले होते. पौल त्यांना आठवण करून देतो, आपला सहकारी तीत याला आणि इतर बंधूंना पाठवतो, पूर्ण करा म्हणतो. म्हणजे तो मागतच नाही असे नाही. पण या दोन्ही अध्यायांत दहाव्या भागाचा उल्लेख एकदाही नाही. शापाचा नाही. मी हे आज्ञा म्हणून सांगत नाही, असे तो आठव्या अध्यायाच्या आठव्या वचनात स्वतःहून म्हणतो. उलट एक शब्द तो पुन्हा पुन्हा आणतो: 'खारिस', म्हणजे कृपा. दोन अध्यायांत हा ग्रीक शब्द दहा वेळा येतो. देवाने मासेदोनियातल्या मंडळ्यांवर केलेली कृपा, त्यांनी मागून घेतलेला देण्याचा मान, गोळा झालेले दान, आणि शेवटी देवाचे आभार, या सगळ्यांसाठी तोच शब्द. भाषांतरात तो कधी कृपा, कधी अनुग्रह, कधी उपकार, कधी धर्मकार्य असा विखुरतो, म्हणून आपल्याला धागा दिसत नाही. पौलाच्या लेखी देवाकडून माणसाकडे, त्या माणसाकडून दुसऱ्याकडे आणि तिथून स्तुतीच्या रूपाने परत देवाकडे एकच गोष्ट वाहते आहे. ज्याला आधी मिळालेले आहे तोच देतो आहे.

मासेदोनियाचे लोक दरिद्री होते आणि त्यांनी शक्तीबाहेर दिले, हेही तिथेच आहे. ते दाखवून तुम्हाला कोणी म्हणेल की पाहा, तेही गरीबच होते. पण पौल काय सांगतो ते नीट पाहा. त्यांनी स्वतःहून दिले, आम्हालाही देऊ द्या म्हणून आर्जव केले, आणि सर्वांत आधी स्वतःला प्रभूला दिले. ज्यांनी न मागता दिले त्यांचे उदाहरण ज्यांच्याकडे नाही त्यांच्याकडून मागण्यासाठी पुढे करणे म्हणजे पौलाचे बोलणे उलटे करणे. कारण त्याच आठव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात तो म्हणतो, उत्सुकता असेल तर ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नाही. आणि तेराव्यात, दुसऱ्यांना आराम व्हावा आणि तुमच्यावर ओझे पडावे असा हेतू नाही. ताई, ही दोन वचने लिहून पाकिटात ठेवा.

सुरुवातीच्या मंडळीने हे असेच समजून घेतले होते. दुसऱ्या शतकाच्या मध्यात ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर लिहितो की ज्यांची ऐपत आणि इच्छा आहे ते आपापल्या विचाराप्रमाणे देतात आणि ते पोरके, विधवा, आजारी, बंदिवान, परके यांच्यासाठी वापरले जाते. सुमारे इ. स. १९७ मध्ये दुसरा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजहून तेच सांगतो: महिन्यातून एकदा, इच्छा असेल आणि शक्य असेल तर, कोणावर सक्ती नाही. दशमांशाला मंडळीच्या कायद्याचे रूप आले ते नंतर. इ. स. ५८५ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या मॅकोनच्या धर्मसभेने न देणाऱ्याला मंडळीबाहेर काढण्याचा धाक घातला, आणि ७७९ मध्ये फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने तो राज्याच्या हुकमात घातला. त्यानंतर युरोपात तो शेकडो वर्षे करासारखा वसूल होत राहिला. आपल्या मनातल्या भीतीला एवढा मोठा इतिहास आहे, हे कळले की ती देवाच्या तोंडची वाटेनाशी होते, निदान माझे तसे झाले.

एक उलट बाजूही सांगतो, कारण हे उत्तर सुखवस्तू माणसेही वाचतील आणि "सक्ती नाही" एवढेच उचलून निघून जातील. दहा टक्क्यांचा आकडा गरिबाला जसा चिरडतो तसा श्रीमंताला फार स्वस्तात सोडतो. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी आपल्या एका उपदेशात ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचे उदाहरण दिले आहे. वर्षाला तीस पौंड मिळत तेव्हा तो अठ्ठावीसवर भागवून दोन पौंड देई. पुढच्या वर्षी साठ मिळाले, तरी अठ्ठावीसवरच राहिला आणि बत्तीस दिले. मग नव्वद, मग एकशेवीस. खर्च तोच, देणे वाढत गेले. तो तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे सहसा मानले जाते. अशा माणसाला दहा टक्क्यांचे काय? मोकळीक मिळाल्यावर ज्याचे देणे कमी होते त्याने थोडे थांबून स्वतःला विचारावे.

आता घरातले. तुम्ही औषधांच्या पैशांतून पाकीट भरता. मार्क ७ मध्ये येशू परूश्यांना ज्या गोष्टीसाठी सर्वांत कडक बोलला त्यांतली ही एक आहे. माझ्यापासून तुम्हाला जो लाभ व्हायचा तो 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण आहे, असे आईबापांना सांगून त्यांच्यासाठी काही न करणे. देवाच्या नावावर आईबापांचा हक्क मारण्याला तो देवाचे वचन रद्द करणे म्हणतो. तुम्ही त्या परूश्यांसारख्या नाही. तुम्ही भीतीने करता आहात, लबाडीने नाही. पण ज्यांनी तुम्हाला त्या भीतीत ढकलले त्यांनी हे वचन वाचायला हवे. सासऱ्यांच्या औषधाचा पैसा हा देवाच्या हिश्शातून चोरलेला पैसा नाही. १ तीमथ्य ५ मध्ये आपल्या घरच्यांची तरतूद करणे हे विश्वासाचेच काम म्हटले आहे. तुम्ही त्यांना भरवता, कूस बदलून देता, रात्री उठता. माझ्या हिशेबात हे सगळे अर्पण आहे.

यजमानांना मात्र आज सांगा. प्रेषितांची कृत्ये ५ मध्ये हनन्या आणि सप्पीरा हे जोडपे जमीन विकून काही पैसे मागे ठेवते, सगळे दिले असे भासवते आणि मरून पडते; ही गोष्ट लोक देण्याची भीती घालायला सांगतात, पण पेत्र हनन्याला काय म्हणतो पाहा: जमीन होती तोवर ती तुझीच नव्हती काय, आणि विकल्यावर पैसे तुझ्याच हाती नव्हते काय? कमी दिले हा त्यांचा अपराध नव्हता. न देण्याचीही त्यांना मोकळीक होती. अपराध खोटेपणाचा होता. तुमच्या देण्याच्या आत जी लपवाछपवी शिरली आहे ती काढायची असेल तर सुरुवात स्वयंपाकघरात बसून, दोघांनी मिळून करावी लागेल. ते रागावतील कदाचित. रागावू द्या.

मग दोघांनी महिन्याचा खर्च कागदावर मांडा. औषधे, कर्जाचा हप्ता, मुलांचे. हप्ता चुकवून अर्पण देऊ नका. ज्याचे घेतले त्याला परत करणे हे रोम १३ प्रमाणे आपले देणेच आहे. काही उरत असेल तर त्यातून एक रक्कम ठरवा, अगदी लहान. टक्केवारी काढू नका. पुढचे तीन महिने तरी आकडेमोड बंद. काही उरत नसेल तर तेही देवाला सांगा, "या महिन्यात नाही" असे, आणि उठा. ठरवलेल्या रकमेतला थोडा भाग अशा कोणाला द्या जो तुम्हाला ओळखीचा आहे, ज्याची गरज तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ते तुम्हा दोघांशिवाय कोणाला कळू देऊ नका. मत्तय ६ मधले उजव्या आणि डाव्या हाताचे वचन मी भीतीवरचे औषध म्हणून अनेकांना दिले आहे. कोणी पाहत नाही, कोणी मोजत नाही, बदल्यात काही मागितलेले नाही, अशा वेळी मन कसे वागते ते पाहा. बऱ्याच जणांना तिथे, फार दिवसांनी, थोडे हलके वाटते. काहींना वाटत नाही, निदान लगेच तरी. भीती चौदा वर्षांची असेल तर ती तीन महिन्यांत जाईलच असे मी म्हणणार नाही.

"दिले की दुप्पट मिळते" असे सांगणारे कोणी भेटले तर त्यावर फार वेळ घालवू नका. फिलिप्पैच्या मंडळीने आपल्यातल्या एपफ्रदीताच्या हाती तुरुंगातल्या पौलाला देणगी पाठवली तेव्हा पौलाने लिहिले की मी देणगीची अपेक्षा करत नाही, तुमच्या हिशेबी फळ जमा व्हावे अशी अपेक्षा करतो. त्या मंडळीने तुरुंगातल्या माणसाला दिले होते. तिथून काय दुप्पट मिळणार होते?

राहिली तुमची मंडळी. ती सोडा असे मी म्हणणार नाही. एका संदेशावरून मंडळीची पारख करणे बरोबर नाही, आणि तुमच्या पाळकांवरही कदाचित कुठल्या तरी छपराचे ओझे असेल. पण प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. पौलाने एवढी मोठी वर्गणी एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेले बंधू सोबत घेतले, आणि कारण दिले: कोणी दोष लावू नये म्हणून, केवळ प्रभूसमोर नव्हे तर माणसांसमोरही जे योग्य ते व्हावे म्हणून. तेव्हा हिशेब वर्षातून एकदा तरी सर्वांसमोर मांडला जातो का, मोजणी किमान दोन जण मिळून करतात का, अर्पणातला किती भाग अडलेल्या माणसांसाठी जातो, हे विचारणे म्हणजे अविश्वास नाही. मी खजिनदार होतो तेव्हा असे विचारणारी माणसे मला सर्वांत जास्त आधार वाटत.

आणि शेवटचे विचारायला सर्वांत जड आहे, पण विचारा. अनुवाद १४ मधली तिसऱ्या वर्षाची ती पंगत आठवा. तुमच्या घरात आज पक्षाघाताचा रोगी आहे, कर्ज आहे, निम्मे काम आहे. पाळकांना भेटायला जाल तेव्हा यजमानांना बरोबर न्या, खर्चाचा तो कागदही न्या, आणि सांगा की या वर्षी आम्हाला मंडळीच्या मदतीची गरज आहे.